सेंदाईच्या मातीच्या भिंती आणि आपला पेंढा



पेसाहच्या रात्री हारोसेथ वाढताना आमचे बाबा दरवर्षी न चुकता सांगत, की हा खजुराचा दाट रस म्हणजे मिसर देशात आपल्या वाडवडिलांनी पायांनी तुडविलेल्या चिखलाची आठवण आहे. पुढे शेमोथच्या पाचव्या अध्यायातील हकिगत यावयाची. फारोने विटांसाठी मिळणारा पेंढा बंद केला, पण विटांची संख्या कमी केली नाही. मुंबईत वाढलेल्या आम्हा भावंडांना यात एवढे जुलमाचे काय, ते कळत नसे. वीट मातीची. तीत पेंढा नसला तर बिघडले काय?

याचे उत्तर आम्हांस आजीने दिले. ती अलिबागेकडच्या खेड्यात राहत असे. घर जुने, कारवीच्या कुडाचे, वर मातीचे लिंपण. एका मे महिन्यात पडवीची भिंत लिंपताना तिने आम्हांस हौसेने एक कोपरा दिला. आम्ही नुसती लाल माती पाण्यात कालवून फासली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या कोपऱ्याला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या आणि खपल्या गळू लागल्या. आजीच्या भागात तूस, बारीक कापलेला पेंढा आणि शेण होते. तिथे केसाएवढीही भेग नव्हती. "आता कळला फारो?" एवढेच ती म्हणाली.

पुढे आम्ही महाराष्ट्रात बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालो, आणि आजीचे हे शास्त्र पुस्तकी भाषेत शिकलो. चिकणमाती पाणी प्याली की फुगते, सुकली की आक्रसते. आक्रसताना ती स्वतःलाच फाडते. पेंढ्याची काडी ही फाडाफाड एका जागी होऊ देत नाही, ताण चारी बाजूंना वाटून देते. वाळू आक्रसत नाही, पण तिला चिकटपणा नाही. म्हणून चांगल्या भिंतीच्या मातीत दोन्ही लागतात. तरीही पाऊस आला की माती आपल्या मूळ स्वभावावर जाते. तिला कायमचे बांधून ठेवावयाचे तर चुना, सिमेंट, राख, तेल असे काही तरी घालावे लागते. जगातील प्रत्येक जुन्या लोकांनी आपापल्या दाराशी जे मिळाले ते घालून पाहिले.

गेल्या वर्षी आम्ही उभयता जपानमधील सेंदाई शहरी दोन महिने राहिलो. आमचे जावई तेथील विद्यापीठात संशोधनासाठी होते. आल्बर्ट आइन्स्टाइन १९२२ च्या डिसेंबरात येथे व्याख्यान देऊन गेले आणि तेथून परतताना, १९२३ च्या फेब्रुवारीत, आपल्या एरेत्झ इस्रायलात उतरले, ही माहिती आम्हांस सर्वप्रथम जावयांनीच पुरविली. सासऱ्याला शहर आवडावे हा हेतू. परंतु आम्हांस ते शहर आवडले ते भिंतींमुळे.

सेंदाई वसविले दाते मासामुने या सरदाराने, इ. स. १६०१ च्या सुमारास. पण त्या भागातील मातीच्या बांधकामाचा इतिहास याहून फार जुना आहे. शहराच्या ईशान्येस, गाडीने थोड्याच वेळात पोहोचता येईल अशा अंतरावर, तागाजो नावाचे स्थान आहे. इ. स. ७२४ मध्ये ओनो नो आझुमाहितो या अधिकाऱ्याने तेथे राजधानीच्या वतीने उत्तरेकडील मुलुखासाठी कचेरी आणि ठाणे उभारले. ही हकिगत तेथीलच ७६२ सालच्या शिलालेखात कोरलेली आहे. ठाण्याभोवतीचा परीघ वेडावाकडा चौकोनी, बाजू साधारण पाऊण ते एक किलोमीटरच्या. आणि एवढ्या लांबीची तटबंदी बहुतेक सगळी मातीची!

या भिंतीस जपानी लोक त्सुइजी म्हणतात. नावाचा मूळ अर्थच 'ठोकलेली माती' असा आहे. दोन बाजूंना फळ्या उभ्या करावयाच्या, मध्ये ओलसर माती वितभरापेक्षाही कमी जाडीच्या थराने टाकावयाची आणि धुमसाने ठोकून ठोकून निम्म्यावर आणावयाची. मग पुढचा थर. कोकणात नव्या घराची जमीन चोपताना ज्यांनी धुमस चालविला आहे त्यांच्या खांद्यांना हे काम ठाऊक आहे. या मातीत पाणी फार घालीत नाहीत. मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि टाकला तर फुटावा, एवढाच ओलावा. ठोकण्याने कणांमधली हवा निघून जाते, पाण्याला शिरावयास वाट उरत नाही. म्हणजे येथे मातीला बांधणारा पहिला पदार्थ कोणताच नाही. माणसाचे बळ आणि वेळ, एवढेच.

दोन गोष्टी आमच्या ओव्हरसियरी डोळ्याला विशेष भावल्या. एक, त्या भिंतीच्या डोक्यावर कौलांचे छप्पर असते. कोणत्याही मातीच्या भिंतीला चांगले जोते आणि चांगली टोपी हवी. पागोळ्यांचे पाणी अंगावर आले की उत्तम मातीही दहा पावसाळे काढीत नाही. दुसरी गोष्ट, तटाची रेषा जेथे दलदलीतून जाते तेथे त्या लोकांनी मातीचा हट्ट धरला नाही; तेवढ्या भागात सरळ लाकडी ओंडके शेजारी शेजारी रोवून कुंपण केले. खालून पाणी पिणाऱ्या जमिनीवर मातीची भिंत टिकत नाही हे त्यांना बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कळले होते. आमच्या नोकरीच्या काळात काही वरिष्ठांना ते कळत नसे. असो.

तागाजोला आग लागली ७८० सालच्या बंडात, आणि भूकंपाचा मोठा तडाखा बसला ८६९ साली. दरबारी बखरीत नोंद आहे, की कोठारे, दरवाजे, मनोरे आणि भिंती कोसळल्या, समुद्र आत आला आणि सुमारे हजार माणसे बुडाली. ही बखर ९०१ साली पुरी झाली. पुढे कित्येक शतके ती नोंद अतिशयोक्तीची वाटावी अशीच होती. १९८० च्या दशकापासून तोहोकु विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी सेंदाईच्या भातखाचरांत खोदून पाहिले, तेव्हा किनाऱ्यापासून किलोमीटरच्या किलोमीटर आत त्या लाटेने टाकलेला वाळूचा थर सापडला. बखर खरी होती. मातीने जपून ठेविले होते.

आता यातील एक बारीकशी नोंद आम्ही मुद्दाम देतो, कारण आपल्या लोकांना तिचे मोल अधिक कळेल. भूकंपानंतर तागाजोची दुरुस्ती निघाली तेव्हा छपरांसाठी कौले हवी होती. ८७० साली दरबाराने कोरियातील शिल्ला राज्याचे काही लोक तिकडे धाडले. हे लोक मुळात दूर दक्षिणेकडे, क्युशू बेटावर राहत होते. शिल्लाच्या चाच्यांनी तेथे लूट केल्यामुळे या परक्या रहिवाशांवर संशय आला, आणि त्यांना उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेण्यात आले. त्यांच्यातील काहींना कौले करण्याची कला अवगत होती, तीच त्यांच्या वाट्याला आली. परमुलखात, संशयाखाली, राजाच्या कामासाठी चिखल मळणारी माणसे! दक्षिण दरवाजापाशी उभे असताना आम्हांस त्यांचीच आठवण झाली. तागाजोला २०२४ मध्ये तेराशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हा दरवाजा आणि त्याच्या लगतची मातीची भिंत पुन्हा उभारण्यात आली आहे.

मासामुनेच्या नंतरच्या काळात सेंदाई आणि आसपासच्या गावांतून भिंतींची दुसरी जात वाढली. ती म्हणजे व्यापाऱ्यांच्या कोठारांची, ज्यांना कुरा म्हणतात. भात, मिसो, कापड, हिशेबाच्या वह्या आगीपासून वाचाव्यात म्हणून ही कोठारे जाड मातीने मढवीत. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. सेंदाईचा तांबडा मिसो सगळ्या जपानात प्रसिद्ध आहे. सेंदाईच्या दक्षिणेस मुराता नावाचे गाव आहे, तेथे अशा कोठारांची अख्खी पेठ उभी आहे. तेथील व्यापारी करडईच्या फुलांचा धंदा करीत. त्या पाकळ्यांचा लाल रंग क्योतोकडे जाई. आपण करडई म्हटले की तेलाचा विचार करतो, ते लोक पाकळ्यांवर धनवान झाले.

कुराची भिंत पाहिली आणि आम्ही आजीच्या पडवीत जाऊन पोहोचलो. आत लाकडी सांगाडा. त्यावर बांबूच्या कामट्या पेंढ्याच्या दोरीने जाळीसारख्या बांधलेल्या. त्यावर मातीचा थर, मग थरावर थर. आपल्या कारवीच्या कुडाचा हा सख्खा भाऊ! फरक जाडीत आणि सबुरीत. माती भाताच्या कापलेल्या पेंढ्यात कालवून महिनोन् महिने ओली ठेवतात. पेंढा कुजतो, वास सुटतो, आणि त्या कुजण्यातून जो चिकट रस उतरतो तो मातीच्या कणांना धरतो. मग नवा पेंढा घालून पुन्हा मळतात. आजीच्या लिंपणात शेण असे ते याच कामासाठी: गुरांच्या पोटात आधीच अर्धा कुजलेला, बारीक झालेला पेंढा म्हणजेच शेण. जपान्यांनी सहा महिने खड्ड्यात जे केले ते आपल्याकडे म्हैस दोन दिवसांत करीत असे. प्रत्येक थर नीट सुकल्याखेरीज दुसरा चढवीत नाहीत, म्हणून एका कोठाराला वर्ष-दोन वर्षे सहज लागत.

सर्वांत वर पांढरा गिलावा. त्याला शिक्कुई म्हणतात: विरविलेला चुना, तागासारखे धागे आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेला डिंक. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजीत, आणि आपले गवंडी त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा घालीत. त्यांचा डिंक समुद्रातला, आपला झाडावरचा. चुना हवेतील वायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. हे व्हावयाच्या आत तो सुकून भुगा होऊ नये, म्हणून पाणी धरून ठेवणारे काही तरी लागतेच. चुन्यात विटांची सुरखी किंवा तुसाची राख मिसळली तर तो ओलाव्यातही घट्ट होतो. जुन्या हौदांचे रहस्य तेच.

येथे एक खासगी विनोद सांगावयाचा मोह आवरत नाही. क्योतोच्या रिओआन-जी मठातील दगडांच्या बागेभोवती मातीची एक बुटकी भिंत आहे. तिची माती तेलात उकळली होती, आणि शतकानुशतके ते तेल हळूहळू बाहेर पाझरून भिंतीवर आपोआप नक्षी उठली आहे, असे तेथे सांगतात. आमच्या सौभाग्यवती लगेच म्हणाल्या, "म्हणजे ही शनिवार तेल्यांची भिंत." कोकणात आपल्या पूर्वजांना लोक याच नावाने ओळखीत, शब्बाथला घाणा बंद. आणि गंमत अशी, की चुना ज्या वाटोळ्या चराच्या दगडी यंत्रात बैल लावून मळतात त्यालाही आपण घाणीच म्हणतो. तेल काय, चुना काय, बैल त्याच वाटेने फिरे.

सेंदाईजवळच शिओगामा बंदर आहे. नावाचा अर्थ मिठाची कढई. दर जुलैत तेथील देवस्थानात शेवाळावरून समुद्राचे पाणी ओतून ते लोखंडी कढईत आटवितात आणि मीठ काढण्याची जुनी रीत चालू ठेवतात. मीठ काढून घेतल्यावर मागे जे कडवट पाणी राहते त्याला निगारी म्हणतात. सोयाबीनच्या दुधाचे पनीर त्यानेच गोठवितात. आणि हेच पाणी जपानी लोक घराच्या जमिनीत घालीत. तताकी म्हणून जमिनीचा एक प्रकार आहे: माती, विरविलेला चुना आणि निगारी, तिन्ही एकत्र करून चोपावयाचे. निगारी हवेतील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे चुन्याला पिकावयास अवधी मिळतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत जमीन लवकर गोठत नाही. सेंदाईत हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, आणि मातीतले पाणी गोठून फुगले की जमिनीचे पापुद्रे निघतात. एकोणिसाव्या शतकात हात्तोरी चोशिची नावाच्या कारागिराने याच तताकीच्या युक्तीने हिरोशिमाजवळ उजिना बंदराचे काम केले. ते १८८९ साली पूर्ण झाले. नंतर सिमेंट स्वस्त झाले आणि ही विद्या मागे पडली. उरण-पेणच्या मिठागरांच्या काठी आपले लोक पिढ्यान् पिढ्या राहिले. ते कडवट पाणी तेथेही होतेच. आपल्यापैकी कोणी जमिनीत घातले असेल काय, हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारला.

वाचक म्हणतील, भूकंपाच्या देशात मातीचे एवढे कौतुक का? शंका रास्त आहे. आपल्यापैकी अनेकांना १९६७ च्या डिसेंबरातील कोयनेचा भूकंप आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले तेव्हा आम्ही इकडे इस्रायलात होतो. आकडा ऐकूनही विश्वास बसेना. लातूर-उस्मानाबादेत सुमारे ८ हजार माणसे गेली. धक्का जगाच्या मापाने फार मोठा नव्हता. माणसे मेली ती घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये मातीचा भराव, दोन्ही अंगांना सांधणारा लांब दगड क्वचितच. आणि डोक्यावर उन्हासाठी फूट-दीड फूट मातीचे माळवद. भिंत उकलली आणि माळवद खाली आले. आम्ही त्या भागात नोकरी केली होती, असल्या घरांत जेवलो होतो, आणि त्या भिंतींच्या जाडीचे कौतुकही केले होते. ते कौतुक पुढे पुष्कळ दिवस टोचत राहिले.

कुराच्या बाबतीत फरक एवढाच, की भार लाकडी सांगाड्यावर असतो. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात मुरातातील कोठारांचा गिलावा निखळला, भिंतींना भेगा गेल्या, मातीचे लगदे रस्त्यावर आले. पण पेठ उभी राहिली, पुढे दुरुस्त झाली आणि २०१४ साली राष्ट्रीय संरक्षणाखाली आली. नुसत्या सिमेंटवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी सेंदाईचाच आणखी एक दाखला आहे. १२ जून १९७८ च्या भूकंपात २८ माणसे दगावली, त्यांतील १८ जण सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणे आणि दगडी भिंती अंगावर पडून. ठोकळे भक्कम होते. त्यांना आतून सांधणारी सळई नव्हती किंवा अपुरी होती. पेंढ्याशिवाय वीट, दुसरे काय? त्यानंतर १९८१ मध्ये जपानने इमारतींचे नियम कडक केले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. २०११ च्या लाटेने सेंदाईच्या सपाटीवर आणि साऱ्या किनाऱ्यावर लाखो टन गाळ आणून टाकला. खारट, पातळ, कशाच्याही उपयोगाचा नाही. नुसते सिमेंट घातले तर तो कडक होतो खरा, पण ठिसूळ. ओले-सुके होता होता फुटतो. तोहोकु विद्यापीठातील संशोधकांनी यापूर्वीच एक रीत बसविली होती. गाळात आधी रद्दी कागदाचा चुरा घालावयाचा. कागद पाणी शोषतो, गाळ हाताळण्याजोगा होतो. मग त्यात थोडे सिमेंट. सुकल्यावर त्या मातीत कागदाचे धागे सर्व दिशांना गुंतून राहतात. ती ताण आला तर एकदम न तुटता थोडी वाकते, भेग पडली तरी धागे तिला पकडून ठेवतात, आणि पाऊस-ऊन सोसते. ही रीत घराच्या भिंतींसाठी नव्हे, बांध आणि भराव यांसाठी आहे. लाटेच्या गाळाचा पुन्हा उपयोग करतानाही ती वापरली गेली.

जावयांनी हे सर्व समजावून सांगितले, तेव्हा आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. फारोच्या मुकादमांनी जो पेंढा बंद केला, बेएर-शेव्हाच्या टेकडीवर प्राचीन नगराच्या कच्च्या विटांतही लागला असेल असा जो पेंढा, आजीने तुसासकट मळला तो पेंढा, तोच येथे कालच्या वर्तमानपत्राच्या रूपाने प्रयोगशाळेत आला होता. मग आमच्या लक्षात आले, की सेंदाईच्या भिंतींत काय काय आहे ते आम्ही आता कागदावर मांडू शकतो, पण आमच्या आजीच्या भिंतीत किती टोपल्या मातीला किती शेण होते ते सांगू शकत नाही. ते घर पडून पन्नास वर्षे झाली. त्या जागी आता जांभ्या चिऱ्याचा बंगला आहे.

म्हणून परत आल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. दिमोना, अश्दोद, लोद येथील ज्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी कोकणात स्वतःच्या हातांनी भिंती लिंपल्या, पेसाहपूर्वी घराला चुना काढला, त्यांना भेटलो किंवा फोन केले. कोणी म्हणाले, दोन टोपल्या मातीला एक शेण. कोणी म्हणाले, निम्मे-निम्मे. लाल माती बांधावरची घ्यावी, शेतातली नको, यावर मात्र सर्वांचे एकमत. माती रात्रभर भिजवावी. तूस भाताचेच. पहिला हात जाड, तो सुकू द्यावा, दुसरा हात पातळ, आणि तो संध्याकाळी द्यावा, म्हणजे उन्हाने ओढत नाही. कडवट पाण्याचे कोणालाच माहीत नव्हते. एकीने फक्त एवढे सांगितले, की समुद्राकाठच्या घरात जमीन चोपताना तिच्या सासऱ्यांनी खाऱ्या पाण्याचा शिडकावा केलेला तिने पाहिला होता.

हे सारे नीट उतरवून आम्ही अश्दोदच्या एका मावशींना वाचून दाखविले. वय नव्वदीच्या पुढे, डोळ्यांनी दिसत नाही, कान तिखट. शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, "अन् राख रे?"

राख आमच्या वहीत नव्हती. आता लिहून घेतली आहे: चुलीतली, चाळलेली, दोन मुठी, दुसऱ्या हाताच्या वेळी.